एका गेटपासवर दोन भाऊ

"कसा आहेस गा?" असं विचारलं की तो म्हणायचा, "मी त मेलो आहो जी. मेलेल्याले काय होते?"

आणि खिशातली प्लास्टिकची पिशवी उघडून मृत्यूचा दाखला समोर धरायचा. दाखल्यावर नाव त्याचंच. नवखा माणूस आधी हसायचा, मग दाखला नीट वाचायचा आणि चहाचा पेला उचलून दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचा. मला मात्र कधी हसू आलं नाही, कारण त्या मरणाचं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं होतं.

मी तहसील कचेरीसमोर चिंचेखाली टाइपरायटर घेऊन बसायचो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाचे कागद. तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या माणसासमोर उकिडवे बसला असाल आणि तो किती घेईल याचा विचार करत असाल. लोक मला बाबूजी म्हणत. या माणसाचं नाव मी इथं लिहीत नाही. त्या नावाचा माझ्या हातून आधीच पुरेसा घोळ झालाय.

त्याचं गाव चोरखमारा तलावाच्या कालव्याखालचं. दोघं भाऊ, धाकटा धनपाल. दोघांची मिळून दीड एकर धानाची बांधी. थोरल्याला मूलबाळ नव्हतं. धनपालला एक मुलगी होती, तिचे लाड दोन्ही घरांत व्हायचे. थोरला पहिल्यांदा माझ्याकडे आला तो रहिवासी दाखल्याच्या अर्जासाठी. परराज्यातल्या एका मोठ्या शहरात मेट्रो बांधत होते, सरकारी नाही, खासगी कंपनीची. वर कंपनी, तिच्याखाली ठेकेदार, त्याच्याखाली पेटी-ठेकेदार आणि सगळ्यात खाली आमच्या तालुक्यातली माणसं. हा पिलरच्या सळया बांधायचा. त्याच्या गावातले दहा-बारा जण त्याच कामावर होते.

आता त्या गावानं काढलेली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आठ दिवस गैरहजर राहिलं की गेटपास रद्द व्हायचा, आणि नवीन पास म्हणजे पुन्हा महिनाभर चकरा. इकडे कालव्याला पाणी सुटलं की रोवणा, म्हणजे धानाची लावणी, थांबत नाही. मग ही माणसं बदली द्यायची. पासवाला गावी यायचा आणि घरातला दुसरा कोणी त्याच पासवर कामाला जायचा. पासवरचा फोटो हेल्मेट घालून काढलेला, सहा महिन्यांत पार उडून गेलेला. गेटवरचा शिपाई फोटो पाहायचा नाही, नंबर पाहायचा. पेटी-ठेकेदाराला सगळं ठाऊक होतं. त्याला माणसं मोजून हवी होती, ती मिळत होती.

त्या वर्षी बदलीवर जायला धनपाल तयार नव्हता. पोरीला ताप होता. थोरला म्हणाला, "पंधरा दिवसाचं काम हाय, जाऊन ये. मले चिखलाचा वास नाही आला त जमत नाही." हे त्यानंच मला सांगितलं, एकदा नाही, पन्नास वेळा. "बाबूजी, मले वास पाहिजे होता म्हनून तो गेला." मी त्याला गप्प करायचो, पण खरं होतं ते.

बाराव्या दिवशी सळयांचा पिंजरा कलंडला. खाली धनपाल होता. फोन आला तेव्हा थोरला गुडघाभर चिखलात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, रोवत होता. ठेकेदाराच्या माणसानं त्याचंच नाव घेतलं आणि म्हणाला, "वो गुजर गए. आप कौन बोल रहे हो?"

"भाई," हा म्हणाला.

तुम्ही म्हणाल, तिथंच खरं सांगायचं होतं. मीही म्हणालो. तो म्हणाला, "त्या दिवशी आमच्या गावातले चार जन बदलीवर होते. मी तोंड उघडलं असतं त सगळ्यायले हाकलून देलं असतं. अन् बॉडी कोनाले देली असती जी? धनपाल नावाचा त कोनी माणूसच नव्हता तिथं." धनपाल घरी आला तो पायाच्या अंगठ्याला भावाच्या नावाची चिठ्ठी बांधून. माती देण्याआधी यानं ती सोडली आणि खिशात घातली.

मग कंपनीच्या ऑफिसनं मयताच्या बायकोचं प्रतिज्ञापत्र मागितलं. तो बायकोला घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला ओळखत होतो. कोरा कागद मशीनला लावला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. मी टाइप केलं, 'माझे पती कामावर असताना अपघातात मयत झाले.' तो मागे उभा राहून सांगत होता. मी वय पस्तीस लिहिलं तर म्हणाला, "छत्तीस करा जी, दिवाळीत छत्तीस झालो." मी खोडून छत्तीस केलं. त्याच्या बायकोनं सही केली. मी नेहमीचे पैसे घेतले. आज लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. मागं सात माणसं रांगेत होती.

भरपाई आली ती त्यानं सगळी धनपालच्या पोरीच्या नावावर टाकली. त्यातला एक चहासुद्धा तो प्यायला नाही. पण तेवढ्यानं धनपालची बायको रंजना सुटली नाही. कागदावर तिचा नवरा जिवंत, धडधाकट, कमावता. विधवेला सरकारचे महिन्याचे पैसे मिळतात, ते तिला मिळेनात. शेतातला त्याचा हिस्सा तिच्या नावावर होईना. टेबलावरचा बाबू विचारायचा, "नवरा कुठे आहे?" ती काय सांगणार? कामाले गेला म्हणायची.

माझ्या बाकावर या दोघी जावा शेजारी बसलेल्या मी पाहिल्या आहेत. थोरली, जिचा नवरा समोर बिडी ओढत उभा, तिचं कपाळ रिकामं आणि मंगळसूत्र पदराच्या गाठीत. कचेरीत ती विधवा होती. परतीच्या बसमध्ये मंगळसूत्र गाठीतून काढून पुन्हा घालायची. धाकटी, जिचा नवरा मातीत, ती टिकली लावून यायची, कारण साहेबासमोर ती सवाष्ण होती. दोघी एकाच डब्यातून भात खायच्या. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळायचो.

तो मात्र दर बाजाराच्या दिवशी यायचा. "बाबूजी, एक अर्ज लिवा. मरण धनपालच्या नावानं करून द्या म्हना. बस, येवढंच."

"लिहितो," मी म्हणायचो. "पण तू जिवंत निघालास की तुझ्या बायकोनं खोटी शपथ घेतली असं होईल. ती आत जाईल. चालेल?"

तो दाखला परत पिशवीत घालायचा. खोटी शपथ टाइप करणारा कोण, हेही मग निघेल, एवढं मी मोठ्यानं बोलायचो नाही. त्याला ते कळत होतं असं मला आता वाटतं. त्यानं ते कधी काढलं नाही.

एकदा एका वकिलानं वाट दाखवली. धनपाल बेपत्ता आहे असं पोलिसात लिहून द्या, सात वर्षं थांबा, मग कोर्टातून होईल. मला वाटलं, सुटला. तर हा बिथरला. "बेपत्ता कायले? मी त्याले माझ्या हातानं माती देली. बायको-पोरीले सोडून पळून गेला असं लिवू काय मी?" त्या दिवशी तो चहा न घेता गेला आणि दोन बाजार आला नाही.

एरवी मस्करीला कमी नव्हता. रेशनकार्डावरून नाव उडालं तर म्हणाला, "बरं झालं, मेलेला कमीच खाते." निवडणुकीत घरोघर चिठ्ठ्या वाटणारे त्याचं दार टाळून गेले तर म्हणाला, "मले कोनी हात जोडून नाही राहिले. येवढी शांती जित्तेपनी नव्हती." कामावर परत जाता येईना, कारण त्या नावाचा माणूस मेला होता. मग गोंदियातल्या एका राइस मिलमध्ये पोती उचलायला लागला. तिथं नाव विचारत नाहीत. शेवटच्या वर्षांत दारूही लागली. उगाच त्याला साधू करून सांगत नाही.

मेट्रो सुरू झाली तेव्हा चहावाल्याच्या टीव्हीवर फुलांच्या माळा, टाळ्या, काचेचे डबे दिसले. तो उभ्यानं पाहत होता. मी म्हटलं, "बसशील का त्यात?"

"तिकिटावर नाव लागत नाही मनतेत," तो म्हणाला. "मग बसता येईन."

आणि खरंच गेला. रंजनाला आणि तिच्या पोरीला घेऊन. परत आल्यावर मला सांगितलं, "पिंजरा पडला तो पिलर दाखवाचा होता रंजनीले. तिनं जागाच नव्हती पाहिली ना जी. खिडकीजवळ उभं केलं, म्हटलं, हा पाहा, हा. म्हनेपर्यंत गेला. मग उलट्या गाडीत बसलो. चार खेपा केल्या. चौथ्या खेपेले ती म्हने, दिसला. मले वाटते नाही दिसला, मले बरं वाटावं म्हनून म्हनाली." एवढं बोलून तो बराच वेळ हातावर तंबाखू मळत बसला.

त्यानंतर वर्षभरात त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. डॉक्टरनं लिव्हर गेलं म्हणून सांगितलं. तो माझ्याकडे आला तेव्हा चिंचेला टेकून उभा होता, बसलं की उठता यायचं नाही.

"बाबूजी, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढतेत, त्याले नावाचा कागद लागते काय?"

"नाही. सांगशील ते लिहितात. का रे?"

"माझ्या नावाचं मरण त लिवून झालं. आता येऊन राहिलं ते रिकामंच जाईन. धनपालच्या नावानं भरती होतो. कोनी आत जानार नाही, रंजनीचं काम होऊन जाईन."

मी त्याच्यावर चिडलो. म्हटलं, मूर्खा, आधी बरा हो, मग काय ते बघू. पण त्याचं तोंड पाहिलं आणि मला कळलं की हा विचारायला आलेला नाही, सांगायला आलाय. आणि खरं सांगू का? माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की हे जमण्यासारखं आहे. या गोष्टीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

मी गोंदियाला त्याला पाहायला गेलो तेव्हा खाटेवरच्या पाटीवर धनपालचं नाव होतं. सिस्टरनं "धनपाल" म्हणून हाक मारली की तो हात वर करायचा. उशाशी रंजना बसलेली. त्याची बायको दूर व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून. मी तिला म्हटलं, आत जा ना. ती म्हणाली, "सिस्टर मनते, तुम्ही वहिनी ना, गर्दी नका करू. बायकोले बसू द्या." रंजनानं दोनदा जागा सोडली, पण हिनंच तिला परत बसवलं. कागद बिघडायला नको, म्हणाली. त्याला प्यायला पाणी लागलं तर ती ग्लास भरून दारापर्यंत आणायची आणि रंजनाच्या हातात द्यायची.

सहाव्या दिवशी दुपारी तो गेला. तेव्हाही ती व्हरांड्यातच होती.

महिन्याभरानं दोघी माझ्याकडे आल्या. आता दाखला होता: धनपाल, आजारपणानं मयत. पोस्टासारखा साधा शिक्का, पण सगळे कागद त्यावर सरळ चालणार होते. मी रंजनाचा विधवेचा अर्ज टाइप केला. खाली साक्षीदार लागतो, मयताच्या घरातला. थोरली पुढं झाली. तिनं सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. सहीच्या खाली एक रकाना असतो, मयत साक्षीदाराचा कोण लागतो. तो मलाच भरायचा होता.

मी कागद परत मशीनला लावला. मला विचारायचं नव्हतं, पण विचारावं लागलं.

"नातं काय लिहू, बाई?"

ती कागदाकडे पाहत होती.

"दीर लिवा," ती म्हणाली.