मामांचं इंग्रजी

इंग्रजी व्याकरण शिकताना गुडघे फुटतात, हे साऱ्या जगात फक्त माझ्या मामांच्या विद्यार्थ्यांनाच ठाऊक असेल. आम्ही क्रियापदं पाठ केली ती धुळीत लोळून, शब्दयोगी अव्ययं शिकलो ती बाजेखाली शिरून, आणि भूतकाळ समजला तेव्हा आमच्यापैकी निदान निम्म्यांच्या परकराला नाहीतर सदऱ्याला ठिगळ लागलेलं होतं. मामा शिक्षक नव्हते. भोर संस्थानच्या जंगलखात्यात ते कारकून होते. दिवसभर कचेरीत लाकडांची नोंद करायचे आणि संध्याकाळी घरी आले की पगडी खुंटीला लावून, धोतराचा काचा मारून अंगणात उतरायचे. आळीतली दहा-पंधरा मुलं तोवर जमलेली असायची. त्यांतच मी. माझे आईवडील मार्गासनीला. तिथे मुलींना पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी मला भोरला मामांकडे ठेवलं होतं. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी त्या घरात फार लाडात वाढले.

मामांचा सगळ्यांत आवडता खेळ हुतूतू. पण त्यात कोणी 'हुतूतू' म्हणायचं नाही. चढाईला जाणाऱ्याने एका दमात 'गो, वेंट, गॉन, गो, वेंट, गॉन' म्हणत जायचं, गडी मारायचा आणि दम सुटायच्या आत परत यायचं. रूप चुकलं की दम गेला. नव्या मुलाच्या तोंडून घाईत हटकून 'गोड' निघायचं. मग मामा रेषेवरून शांतपणे म्हणायचे, "गोड लागलं तरी बाद." त्यांच्या मते इंग्रजीतली बहुतेक क्रियापदं गरीब गाईसारखी असत, गळ्यात 'ईडी'ची घंटा बांधली की मुकाट्याने भूतकाळात चालू लागत. उरलेली उधळी. ती नुसत्या पाठांतराने वठणीवर येत नाहीत, त्यांच्यामागे धावावं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा माझ्याबरोबर मार्गासनीला येत, तेव्हा तिथल्या मुलांनाही ह्या उधळ्या क्रियापदांमागे पळवत. एकदा एक शेतकरी काळजीने विचारायला आला. "मामा, आमचं पोरगं गुरं वळताना येकाच दमात कायबाय वरडतंय. देवरुषाला दावू का?" मामांनी मुलगा काय ओरडतो ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "काही नाही हो. सिंग, सँग, संग म्हणतोय. गाण्याविषयी चाललंय." शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडला. "गातंय व्हय? मग आसू द्या. गुरं बी लई शांत ऐकत्यात."

'तो', 'ती' आणि 'ते' यांच्या क्रियापदाला 'एस' लावायला मुलं विसरतात, म्हणून मामांनी शेपटीचा खेळ काढला. जो 'ही', म्हणजे इंग्रजीतला 'तो', होईल त्याच्या कमरेला मागून सुंभाची शेपटी बांधायची आणि बाकीच्यांनी ती ओढायला धावायचं. शेपटी गेली की वाक्य मेलं. एका सकाळी मामा आम्हाला घाईघाईने हा खेळ दाखवून तसेच कचेरीत गेले. तिथल्या शिपायाने अदबीने विचारलं, "आवं कारकूनसायेब, मागं काय लोंबतंय?" मामांनी वळून पाहिलं आणि तितक्याच अदबीने सांगितलं, "एस." हा प्रसंग त्यांनीच घरी येऊन मामींना सांगितला. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, सरकारी नोकरी आहे ती. निदान शेपटी तरी घरी ठेवून जात जा."

पण बाजेचा प्रसंग इतक्यावर निभावला नाही. त्या दिवशी 'इन, ऑन, अंडर' चाललं होतं. मामा स्वतः कुठेतरी जाऊन बसत आणि आम्ही ओरडून सांगायचं ते कुठे आहेत. मामा बाजेखाली होते. आम्ही एका सुरात 'मामा इज अंडर द कॉट' म्हणत होतो, तेवढ्यात मामांचे वरिष्ठ साहेब काही कामासाठी दारात येऊन उभे राहिले. आमच्या माना दाराकडे वळल्या. बाजेखालून मामांचा आवाज आला, "अँड रावसाहेब इज ॲट द डोअर." साहेब हसले, हे खरं. पण जाताना मामांना म्हणाले, "इतकं इंग्रजी येतं, तर मॅट्रिक का होत नाही? झाला असतात तर आज शाळेत असतात."

मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. मामा मॅट्रिकला पुन्हा पुन्हा बसले होते आणि दर खेपेला नापास झाले होते ते इंग्रजीत. शाळामास्तर होण्याची त्यांची फार इच्छा होती. इंग्रजीने वाट अडवली, म्हणून ते जंगलखात्यात शिरले. त्या संध्याकाळी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "अगं, परीक्षेच्या कागदावर माणसं नसतात. नुसती वाक्यं असतात, एकेकटी. माझे हात गार पडतात." त्या साली मी मॅट्रिकला बसणार होते. मी हट्ट धरला की मामांनीही माझ्याबरोबर बसायचं. ते नाही नाही म्हणत राहिले. शेवटी मामीच म्हणाल्या, "बसा की. पोरीला पुण्याला सोबत तरी होईल." आणि आम्ही मामा-भाची सर्व्हिस मोटारीने पुण्याला परीक्षेला गेलो. कात्रजचा घाट उतरेपर्यंत मामा मला धीर देत होते. घाट उतरल्यावर मी त्यांना.

इंग्रजीचा पेपर झाल्यावर ते फाटकापाशी उभे होते. चेहरा मोठा शांत. मी विचारलं, "कसा गेला?" तेव्हा त्यांनी एकाच प्रश्नाबद्दल सांगितलं. 'म्हातारा आपल्या मुलाची वाट पाहतो' अशा अर्थाचं वाक्य देऊन ते निरनिराळ्या काळांत लिहायला सांगितलं होतं. "भूतकाळात घातला, तर वाट बघतोय. भविष्यात घातला, तरी वाटच बघणार. पूर्णकाळात तर बिचारा केव्हाचा बघत बसलाय. कुठल्याच काळात मुलगा येईना गं. बराच वेळ त्यात गेला."

"मग?"

"मग मी आणला मुलाला घरी. चांगलं पानभर लिहिलं. जेवायलासुद्धा बसवला दोघांना."

मला हसू आलं आणि त्यांच्याकडे बघून ते थांबलं. निकाल वर्तमानपत्रात आला. माझा नंबर होता, मामांचा नव्हता. त्यांनी पेढे आणले, आळीत घरोघर स्वतः वाटले, आणि कोणी त्यांच्या निकालाचं विचारलं की म्हणत, "आमच्या घरात मॅट्रिक आलं ना? झालं तर." संध्याकाळी अंगणात मुलं जमली तेव्हा काचा मारून उतरलेसुद्धा. मामी मात्र त्या रात्री जेवल्या नाहीत.

पुढे मी शिकले आणि पुण्याला मुलींच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका झाले. मामांचे सगळे खेळ मी वर्गात खेळून घेतले. एका दिवाळीला भोरला गेले होते. मामा थकले होते, ओट्यावर घोंगडी पांघरून बसत. मी म्हटलं, "मामा, 'इफ'च्या वाक्यांशी मुली अडतात. अमुक झालं असतं तर तमुक झालं असतं, हे त्यांना जमत नाही. ह्याला काही खेळ काढून द्या."

ते म्हणाले, "ह्याला खेळ नाही गं. पुष्कळ वर्षं शोधला. हे नुसतं बसून बोलायचं." आणि सावकाश, एकेक शब्द जोखून म्हणाले, "इफ आय हॅड पास्ड..."

आतून मामींनी विचारलं, "काय म्हणतायत?"

"पास झालो असतो तर, म्हणतायत."

"तर काय झालं असतं?"

मामा हसले. "तर शाळेत गेलो असतो. तिथे काय, बाकावर बसवून शिकवायला लागलं असतं."

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. नदीला पूर होता, मोटारी बंद होत्या. मला निरोप मिळाला तेव्हा दहावा होऊन गेला होता.

वर्गात तो धडा येतो तेव्हा मी पुस्तक मिटायला सांगते आणि मुलींना म्हणते, "आता खेळ नाही. प्रत्येकीने आपापलं एक वाक्य बोलायचं." कोणी म्हणते पंख असते तर, कोणी म्हणते भाऊ असता तर. सगळ्यांचं झालं की एखादी धीट मुलगी विचारतेच, "बाई, तुमचं?" मी "इफ माय मामा हॅड" एवढं म्हणते. पुढचं क्रियापद मला पक्कं येतं. तरी मी खिडकीकडे बघत राहते, आणि मुलींना वाटतं, बाई रूप आठवतायत.