रक्त जुळावं म्हणून

नया नगरमधल्या सोनाराच्या दुकानाची काच फोडताना चोराचा हात कापला होता. कॅमेऱ्यातला चेहरा पाहून मुर्धा गावचे दोघे म्हणाले, हा आमच्या गावचा जितेश. पण जितेश सात वर्षांपूर्वी आईशी भांडून गेला तो कुणाला दिसलाच नव्हता. तो सापडेना, तर आईच्या रक्ताशी काचेवरच्या रक्ताचा डीएनए ताडून पाहायचं ठरलं. त्या आईला, सुगंधाबाईंना, सरकारी दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! हवालदाराला विचारतो कोण?

वाटलं, बाई रडतील, शिव्या घालतील. त्या तर ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर तयार बसलेल्या. शुगरच्या तपासणीसारखं उपाशीपोटी जायचं असतं, असं धरून पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. घरात विचारायला दुसरं माणूसच नव्हतं.

"रगात जुललं तं तो जिता हाय ना, बाला?" त्यांनी रिक्षात विचारलं.

"हो मावशी. पण मग आम्ही त्याला पकडणार."

"पकरा ना. तुमच्याकरं तरी असंल."

मग हळूच सांगितलं, रक्त जुळू दे म्हणून गावदेवीला कोंबडा बोललाय. पोरगा चोर निघावा म्हणून नवस बोलणारी आई मी एवढ्या नोकरीत पहिल्यांदा पाहिली.

अहवालाला पाच महिने लागले. दर सोमवारी त्या चौकीत यायच्या, बाकाच्या टोकाला बसायच्या, "आला?" एवढंच विचारायच्या आणि जायच्या. सात वर्षं त्यांना हे विचारायला जागाच नव्हती. मी त्यांच्यासाठी चहा सांगून ठेवू लागलो.

अहवाल आला. रक्त जुळलं नव्हतं. मुर्ध्याला जाऊन मीच मूर्खासारखा हसत म्हणालो, "सुटलात मावशी. तो जितेश नव्हे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मंग माझा पोर कुठं हाय?"

मी अहवालाची घडी करून खिशात घातली. बातमी मात्र वाऱ्यासारखी पसरली. थोड्या वेळात त्यांची वेगळी राहणारी धाकटी जाऊ मिनल देवळात नारळ फोडून धावतच आली, डोळ्यांत आनंदाचं पाणी.

"जुलू नको म्हणून मी नवस बोललेली, बाय. देवीनं माझं ऐकलं!" तिने खोबरं पुढे केलं.

प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही. सुगंधाबाईंनी तुकडा कपाळाला लावला, तोंडात घातला आणि नुसत्याच चावत राहिल्या.