सगुणाबाईंचा सोन्याचा मणी

सगुणाबाईंना देणं जमतं, ठेवणं जमत नाही. इतकी वर्षं शेजारी राहून मी हे पाहते आहे आणि अजूनही माझी चिडचिड होते.

नवरा गेल्यावर खुटबाव गाव सोडून त्या दौंडला आल्या आणि शाळेत खिचडी शिजवून त्यांनी दोन मुलींची लग्नं केली. मंगळसूत्राच्या वाट्या मुलींना दिल्या, तीन सोन्याचे मणी तेवढे ठेवले. ते घालायला नव्हतेच. मरताना माणसाच्या तोंडात सोन्याचा कण असावा, रित्या तोंडानं वर जाऊ नये, यासाठी ते होते. एक सासूचा, एक अडीअडचणीचा, एक स्वतःचा.

सासूचा सासूला मिळाला. अडीअडचणीचा गेला दीर पोपटरावांच्या तोंडात, त्यांच्या शेवटच्या घडीला. विधवेला सोनं कशाला, म्हणून ज्यांनी जन्मभर टोचलं, तेच हे पोपटराव. त्यांच्या बायकोच्या हातात पाटल्या होत्या, पण त्यातला तुकडा तोडायला तिचा जीव होईना. मी सगुणाबाईंना भरपूर बोलले. त्या म्हणाल्या, "आता तरी मिटलं का न्हाई त्यांचं तोंड?"

तिसरा मणी त्यांनी डबीत घालून माझ्याकडे आणून दिला. आम्ही ख्रिस्ती. आमच्या घरी असलं सोनं मागायला कोण येणार, हा त्यांचा हिशेब. मी डबी कपाटात चर्चच्या साडीखाली ठेवली. मागायला कोणी आलंही नाही. आल्या त्या स्वतःच.

कारखान्याचा हंगाम चालू होता. रस्त्याकडेच्या ऊसतोडणीवाल्यांच्या खोपीत एक म्हातारी शेवटचे श्वास घेत होती आणि तिचा मुलगा दारोदार गुंजभर सोनं मागत होता. मी डबी द्यायला साफ नकार दिला. देवाच्या दारातून रिकाम्या तोंडाचा माणूस परत पाठवत नाहीत, हेही ऐकवलं.

"मग मला तरी कशाला लागतोय मणी?" सगुणाबाई म्हणाल्या. "द्या तो."

"आणि तुमच्या वेळी मी काय करू?"

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. "तुमच्या बोटात हाय की."

माझ्या बोटात योहाननं चर्चमध्ये घातलेली अंगठी आहे. आमच्यात सोनं एवढ्यासाठीच, दिलेल्या शब्दाची खूण म्हणून. तो गेल्यावरही मी ती काढलेली नाही. एवढं सगळं या बाईला ठाऊक आहे! मी डबी जवळजवळ त्यांच्या अंगावर फेकली. त्या गेल्या, संध्याकाळी रिकामी डबी घेऊन परत आल्या आणि काहीच न घडल्यासारख्या चहा मागून बसल्या. म्हातारी शांतपणे गेली म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी साबण लावून अंगठी ओढून पाहिली. सांध्यावरून निघेना. चरफडत सोनाराकडे गेले. त्यानं ती कापून काढली, माझ्या सांगण्यावरून एक तुकडा बाजूला ठेवला आणि बाकीची सांधून दिली. आता ती करंगळीत बसते.

तुकडा डबीत आहे. सगुणाबाईंना सांगितलेलं नाही. सांगितलं की तोही जाईल.