मोटर लावलेला पंख

दूध उतू जाऊ नये म्हणून काकू गॅसपाशी उभ्या होत्या, काका खुर्चीत गुडघ्यांवर शेकाची पिशवी धरून बसले होते, तेवढ्यात दार वाजलं. कोण असेल ते दोघांनाही ठाऊक होतं. शाळेतला व्यायामशिक्षक पंख न्यायला येणार होता. तरी काकूंनी आधी गॅस बंद केला, ओटा पुसला, मग हात पुसले. जेवढा उशीर तेवढा बरा.

काकांचा धंदा जळालेल्या मोटरींची वाइंडिंग भरून देण्याचा. गल्लीतला एक पंप त्यांच्या हाताखालून गेला नाही असं नाही. पण जीव अडकलेला हँग ग्लायडरमध्ये. तिकोनी कापडी पंख, त्याखाली पालथं लटकायचं आणि टेकडीवरून पळत सुटून वाऱ्यावर स्वार व्हायचं. तरुणपणी तीस किलोचा तो पंख ते एकटे टेकडीवर चढवत. पन्नाशीनंतर चढ सोसेना, तेव्हा म्हणाले, याला विजेची मोटर लावतो, म्हणजे सपाट मैदानावरूनच उडता येईल. गल्लीने लगेच नाव ठेवलं, पायलट.

त्यात आठ वर्षं गेली. मोटर मागे, तर उतरताना पातं जमिनीला घासणार. म्हणून ते लांब दांडीवर नेलं. दांडीने पाय खाली ओढले जायला लागले. म्हणून बॅटरी छातीपाशी आणली. तिची पिशवी काकूंनी पाच वेळा उसवून सहाव्यांदा शिवली. तारा तापत म्हणून जाड घेतल्या, की वजन वाढलंच. दरवेळी काका सगळं अंगावर चढवून वजनकाट्यावर उभे राहत, काकू वाकून आकडा वाचत. पेलतंय की, काका म्हणत. पेलत होतंच, उभ्या माणसाला. जन्मभर पळालेला माणूस, पळणं त्याने गृहीतच धरलं.

मोटर शेवटी सुरेख चालली. मैदानात काका पळाले आणि सातव्या पावलाला उजवा गुडघा मुडपला. दुसऱ्यांदा सातव्याच. तिसऱ्यांदा पाचव्या. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, आता जिना चढलात तरी पुष्कळ. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, चाकं लावा. चाकांचं वजन, त्या वजनाला मोठी मोटर, तिला आणखी बॅटरी. पुन्हा आठ वर्षं. दात होते तेव्हा चणे नव्हते, काका म्हणाले. एरवी काकूंनी टोला दिला असता. त्या दिवशी त्या शेकाच्या पिशवीत गरम पाणी भरायला गेल्या.

शिक्षक आत आला. काकांनी त्याला तासभर सगळं समजावलं. कुठलं बटण आधी, तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला का लावायची नाही. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, मग मोटर-बॅटरीचा सरंजाम अंगावर चढवला आणि खोलीतल्या खोलीत दोन उड्या मारल्या.

"हलकं आहे हो काका."

तो बिचारा चांगल्या मनानेच बोलला. काका हसले. काकूंनी मात्र त्यांचा हात पाहिला. तो गुडघ्यावर होता आणि घट्ट मिटलेला होता.

टेंपोत पंख चढला, काकूंनी शिवलेली बॅटरीची पिशवीही चढली. काका भिंतीला धरत दारापर्यंत आले.

"एक काम करशील? पहिल्यांदा उडशील तेव्हा पावलं मोज. कितव्या पावलाला जमीन सुटली, तेवढं मला कळव."