पांढऱ्या रुमालावरचा देव

वहिनींचा फोन आला तेव्हा मी कामानिमित्त देवगाव फाट्यावर, चहाच्या टपरीसमोर एसटीची वाट पाहत उभा होतो. "भाऊजी, तुमचे दादा गेले," एवढंच त्या आधी म्हणाल्या. मग सावरून म्हणाल्या, "लवकर या. हातावर देव तुमीच ठेवायचा म्हनून सांगून ठेवलंय त्यांनी." आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात आणि जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. हे काम स्वामींचं, नाहीतर मुलाचं. दादाला मूल नव्हतं, पण चुलत्यांची पोरं सोनपेठातच होती. तरी त्यानं माझंच नाव घेतलं होतं. सेलू, पाथरी कधी मागं पडलं, कळलं नाही.

मन्मथदादा माझा थोरला भाऊ. सोनपेठच्या बाजारात आमचं किराणा दुकान तो चालवायचा; मी शिकून परभणीत नोकरीला लागलो. लहानपणापासून त्याला रातांधळं होतं. दिवेलागणीला मी त्याचं बोट धरून त्याला दुकानातून घरी आणायचो आणि तो म्हणायचा, "शंकऱ्या, तू माझा कंदील हाईस." पुढं डोळ्यांचे पडदे वाळत गेले आणि पन्नाशीच्या आतच दिवसाचा उजेडही गेला. त्यानं ते कुरकुर न करता पत्करलं. खंत एकाच गोष्टीची होती. सकाळी अंघोळ करून, भस्म लावून, तळहातावरच्या देवाकडं एकटक पाहायचं, ही आमची पूजा. तो म्हणायचा, "हाताला देव लागतो रे, पर नजरभेट होईना."

त्याच एका वाक्यासाठी मी सगळं केलं, अशी माझी समजूत होती. हैदराबादच्या एका दवाखान्यात डोळ्याच्या पडद्यावर बारीक चकती बसवायचा प्रयोग चालू असल्याचं मीच पेपरात वाचलं. दादा नको म्हणत होता. "आता कशाला? सवय झालीय मला अंधाराची." मी महिनोन्‌महिने मागं लागलो. शेवटी चकती बसली. वरून घालायला चष्मा, त्यात इवलासा कॅमेरा, कमरेला पेटी. गावाला वाटलं, मन्मथअप्पाला दिसायला लागलं. पण त्याला ना चेहरा दिसायचा, ना रंग. "तव्यावर लाह्या उडतेत ना, तसं हाय," तो म्हणायचा, "उजेडाच्या लाह्या." त्या लाह्यांवरून दार कुठलं, भिंत कुठली, हे ओळखायला शिकायचं होतं. कॅमेरा चष्म्यात असल्यामुळं डोळे फिरवून उपयोग नव्हता, सगळी मान फिरवावी लागायची. वहिनी म्हणायच्या, "नंदीबैलावानी मान हलवू नका, लोक पायलीभर जवारी आनून टाकतील."

"टाकू दे की. दुकानात इकू."

दवाखान्यात शिकवणाऱ्या बाई हैदराबादी होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाई, गलत हुआ तो गलत बोलो. दिल रखने के वास्ते हौ नक्को बोलो. तुम्हारे हौ पे उनका दिमाग सीखता."

मन राखायला खोटं हो म्हणायचं नाही, एवढंच; पण मला ते जमलं नाही. मी शनिवार-रविवार सोनपेठला यायचो, सरावाला बसायचो. "हे दार ना?" तो विचारायचा. समोर भिंतीला टेकवलेली खाट असायची. पण त्याचा चेहरा असा उजळलेला असायचा की मी म्हणायचो, "हो दादा, दारच." वाटायचं, आज हो म्हणू, उद्या सुधारू.

मग एका रविवारी त्यानं देवघरात मला समोर बसवलं. पाटावर पांढरा रुमाल अंथरला. पांढऱ्यावर काळं चटकन कळतं, हे त्याला बाईंनी सांगितलं होतं. आणि गळ्यातल्या चांदीच्या डबीतून देव काढून त्यानं माझ्या हातात दिला. आमच्यात इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत. दुसऱ्याच्या हातात तर नाहीच नाही. मी मागं सरलो.

"धर," तो म्हणाला. "माझ्या हातात असला की हाताला कळतंय, मग डोळं खोटं बोलतेत. रुमालावर ठेव, न्हाईतर ठेवू नको. मी सांगतो."

ठेवावा की न ठेवावा, हे मला ठरवता येईना. मी मूठ मिटून तसाच बसलो. तो मान हळूहळू फिरवत राहिला... आणि थांबला. "हाय," तो म्हणाला. "मधीच हाय. काळा, गोल. शंकऱ्या, हाय का न्हाई?"

रुमाल रिकामा होता. देव माझ्या मुठीत होता.

"हाय, दादा," मी म्हणालो.

त्यानं हात जोडले आणि पाटाला कपाळ टेकवलं. तो वाकलेला असताना मी देव हळूच रुमालावर ठेवला. तो उठला, चाचपडत देव उचलला आणि तसाच थबकला.

"गरम लागायलाय."

"ऊन आलंय ना पाटावर."

आमच्या देवघरात ऊन येत नाही. हे त्याला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. त्यानं देव डबीत ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसला.

पुढच्या तपासणीत तो आधीपेक्षाही मागं पडला. बाईंनी माझ्याकडं पाहून विचारलं, "घर पे सही बोलते ना?" मी मान डोलावली. नंतर नंतर संध्याकाळी दुकानात बसल्या बसल्या तो विचारायला लागला, "पायरीवर कोन बसलंय?" पायरीवर कुणीच नसायचं. वहिनी घाबरून दिवा लावायच्या. खरं-खोटं वेगळं करायला त्याला कुणी शिकवलंच नव्हतं... मग तो प्रयोग बंद झाला, पेटी बिघडली आणि आता दुरुस्ती नाही, असं कळवण्यात आलं. तरी दादा रोज सकाळी तो मेलेला चष्मा लावून, रुमाल अंथरून बसायचा. मी गेलो की म्हणायचा, "दिसायलाय बरं का, शंकऱ्या." मी म्हणायचो, "हो दादा."

मी पोचलो तेव्हा अंगणात त्याला भिंतीला टेकवून बसवलं होतं. कपाळाला भस्म, डोळे मिटलेले. त्यातल्या एका डोळ्यात ती चकती अजून होती. ती त्याच्याबरोबरच जाणार होती. स्वामींनी डबी उघडून देव माझ्या हातात दिला. निघताना उंबऱ्यात वहिनींनी मला थांबवलं.

"भाऊजी, एक सांगायचं राहिलंच. ते म्हनले होते, शंकऱ्याला म्हनाव मुठीत धरून बसू नको, लगेच ठेव. म्हंजे काय हो?"

खड्ड्याशी पोचेपर्यंत मी देव उघड्या तळहातावर वागवला. मग खाली उतरून, क्षणभरही न थांबता, त्याच्या हातावर ठेवला. हातही गार होता, देवही गार. वरून माती पडू लागली तरी मी तिथंच उभा होतो.

देव माझ्या मुठीत होता, हे त्याला माहीत होतं. तरी तो रोज रुमाल अंथरत होता, मला "दिसायलाय" म्हणत होता. त्यानं ते माझ्यासाठी केलं की त्याला खरंच काही दिसत होतं, हे विचारायला आता कुणी नाही. वहिनींना मी अजून काही सांगितलेलं नाही. हे छापून आलं की कुणीतरी त्यांना वाचून दाखवील.

चष्मा अजून देवघराच्या कोनाड्यात आहे, काचा दाराकडं करून ठेवलेला. मी गेलो की तो मला पाहतो, असं वाटत राहतं. आणि परभणीत रोज सकाळी मी माझा देव डबीतून काढून तळहातावर घेतो. सुरुवातीला तो गार असतो, मग हळूहळू हाताची ऊब घेतो. त्या वेळी मागून दादा बोलेल, म्हणून माझे कान टवकारलेले असतात. देव पडेल अशी भीती वाटते.

तरी मी मूठ मिटत नाही.