पडद्यावरची वैनगंगा

“माही वैनगंगा कुठी गेली बे?”

आमचे नाववाले भाऊ यंत्रावर असे खेकसले की पलीकडच्या काठावरच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. पाण्याचा हात कपाळाला लावल्याशिवाय ते नावेत चढत नाहीत आणि शिवी दिल्याशिवाय इंजिन सुरू करत नाहीत. जावयाने समुद्रावरच्या बोटीचं जीपीएस आणून दिलं होतं. पहिल्यांदा चालू केलं, तर पडद्यावर आमची नाव कोरड्या जमिनीवर! नदीच नाही. फक्त नाव सरकेल तशी मागे एक रेघ उमटत होती. भाऊंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. चामोर्शीच्या बाजाराला निघालेल्यांना त्यांनी घाटावर उतरवलं आणि एकटेच नाव घेऊन दोन्ही काठांनी फिरून संध्याकाळी परतले.

“एवढं डिझेल काऊन जाळलं, भाऊ?”

“नदी नव्हती त्याच्यात. काढून आलो.”