घडीवर विश्वास नसलेला माणूस

मेस्तमामांच्या हाती कुठलीही वस्तू दिली की ते ती आधी दोनदा ओढून बघत. पिशवीचा बंद, छत्रीची मूठ, दाराची कडी, काहीही असो. पाववाल्या पोदेराकडून घेतलेल्या उंड्यालासुद्धा ते खालून दोनदा टिचकी मारत आणि मगच तो टोपलीत टाकत. विचारलं तर म्हणत, "एकदा ओडलास तर वस्तू खोटा बोलता. दुसऱ्यांदा ओडलास काय खरा सांगता."

आमच्याकडे गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात. धारगळला हमरस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली त्यांचं काम चालायचं. दारं-खिडक्या ते पोटासाठी करत, पण जीव वाद्यांत. आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडेच दुरुस्तीला येत, आणि किनाऱ्यावर पाहुणे वाढले तशा मोरजी-मांद्र्याच्या मोडक्या गिटारीही यायला लागल्या. त्यांना स्वतःला गिटारीचा एक सूर वाजवता येत नसे. कुठे काय सुटलंय ते मात्र कान लावून सांगत.

माझी त्यांची गाठ पडली ती चोर म्हणून. मी मांद्र्याच्या एका गेस्ट हाउसात कामाला होतो. एक पाहुणा पाठ फुटलेली गिटार खोलीत टाकून गेला आणि मालकाने ती मला देऊन टाकली. ती घेऊन मी धारगळला गेलो, तर मेस्तमामांनी गिटारीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चोरून हाडलस?" नाही म्हटल्यावर गिटार ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी बसने मांद्र्याला येऊन ते परस्पर मालकाची साक्ष काढून गेले. मला हे मालकाकडून कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. पण पंधरवड्याने गिटार हातात आली तेव्हा तिच्या पाठीला फणसाच्या लाकडाची अशी पट्टी बसवली होती की जोड बोटाला लागत नव्हता. त्या गिटारीवर मी शिकलो.

त्यांच्या संशयातून देवही सुटला नव्हता. मला बोटीवर नोकरी मिळत होती तेव्हा आईने गावच्या देवळात कौल लावला. भटांनी मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, थोड्या वेळाने उजवीकडची पडली, म्हणजे देवाचा होकार. आईचे डोळे भरून आले. मेस्तमामा आमच्या मागेच हात जोडून उभे होते. बाहेर आल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले की भटांनी उजव्या पाकळीला पाणी कमी लावलं होतं, आपण नजर ठेवून होतो. एवढं बोलून ते पुन्हा आत गेले आणि देवाला परत एकदा नमस्कार करून आले.

पण सगळ्यात जास्त राग होता तो घडीवर. जे जे मिटतं ते ते त्यांना खोटं वाटे. घडीची खुर्ची दिली तर ते जमिनीवर बसत. याचं कारण मला मामींनी सांगितलं. मामी म्हणजे त्यांची बायको, डिचोलीची, फार कमी बोलणारी. मामांच्या वडिलांकडे कुळाच्या जमिनीचा एक कागद होता. तो चार घड्या घालून सदऱ्याच्या खिशात ठेवून ते कित्येक वर्षं कचेरीत खेपा घालत राहिले. जमिनीचा नंबर नेमका घडीवर आला होता. घडी झिजली, कागद तिथेच फाटला आणि नंबरातला एक आकडा नाहीसा झाला. त्या आकड्याबरोबर काजूची बाग गेली. तेव्हापासून उरलेले कागद एका शिसवी पेटीत सपाट पसरून ठेवलेले असत.

ती पेटी त्यांच्या आजोबांनी केलेली. झाकणाला मागे दोन बिजागऱ्या होत्या आणि त्यांतल्या पितळी सळ्या आजोबांनी हाताने ठोकून घडवलेल्या. मेस्तमामांनी जगात कौतुक केलेल्या बिजागऱ्या एवढ्या दोनच. झाकण उघडून मिटून दाखवत ते म्हणायचे, "आवाज आयकलस? नाय आयकलस. हेका बिजागरी म्हणतत."

बोटीवरच्या पहिल्या खेपेला मी गिटार घरी ठेवून गेलो होतो. भटारखान्यात दिवसभर भाज्या चिरायच्या, आणि झोपायला चौघांत मिळून एक डबा. तिथे गिटार ठेवणार कुठे? नऊ महिन्यांनी परत आलो तेव्हा बोटांवरचे घट्टे गेले होते. तारा दाबल्या की बोटं भाजल्यासारखी व्हायची आणि आठवणीतल्या चाली मध्येच तुटायच्या. खरं सांगतो, मी घाबरलो. आणखी दोन खेपा अशा झाल्या असत्या तर माझ्यापाशी ती एक गोष्ट राहिली नसती, नुसता चाकू राहिला असता.

म्हणून दुसऱ्या खेपेआधी मी प्रवासाची गिटार शोधायला लागलो. लहान आकाराच्या होत्या, पण त्यांचा आवाज डब्यात खडे वाजवल्यासारखा. दांडा काढून ठेवायच्याही होत्या, पण त्यांच्या तारा दर वेळी सोडायच्या आणि पुन्हा चढवायच्या. मनात भरली ती घडीची. दांडा जिथे अंगाला मिळतो तिथे बिजागरी, कळ दाबली की दांडा पोटावर मिटतो, तारा जागच्या जागी राहतात, आणि सगळं पाठीवरच्या पिशवीत मावतं. मी मोठ्या उमेदीने मेस्तमामांना फोनवर तिचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि म्हणाले, "ह्येंच्याकडे दोन गिटारी असतल्यो. एक उघडलेली, एक मिटलेली."

तरी मी मागवलीच. ती आल्यावर त्यांनी दांडा धरून दोनदा ओढला, बिजागरीला कान लावला आणि आठ दिवस ठेवून जायला सांगितलं. मामींनी मला नंतर सांगितलं की सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत ते फक्त तिची घडी घालत आणि उघडत होते, आणि दर वेळी बाजाच्या पेटीवर सा धरून तार उतरली का ते बघत होते.

आठव्या दिवशी मी घ्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. गिटार उघडली तर बिजागरीपाशी नवा ओरखडा, आणि आतली चकचकीत पांढरी सळी जाऊन तिथे काळपट पिवळी, जुनी सळी बसलेली. मूळची कुठे आहे म्हणून मी विचारलं.

"टाकलंय," ते म्हणाले.

मेस्तमामांनी उभ्या जन्मात वाकडा खिळाही टाकला नव्हता. त्यांच्या छपराखाली नारळाच्या करवंट्यांतून गंजके खिळे वर्षानुवर्षं जपलेले मी बघत आलो होतो. माझ्या डोक्यात लख्खकन एकच आलं, की चांगली सळी यांनी दुसऱ्या कुठल्या कामाला ठेवून घेतली आणि भंगारातली माझ्या गिटारीत घातली. आणि मी ते बोलून गेलो. म्हणालो, "मामा, माका चोर म्हटलात त्या दिसाची आठवण झाली."

त्यांनी रंधा उचलला, त्याचं पातं दोनदा ओढून बघितलं आणि कामाला लागले. मी मामींनाही न भेटता निघालो.

बोटीवर मी त्या बिजागरीवर पाळत ठेवली. रोज काम संपलं की पहिल्यांदा ओरखडा बघायचा, मग सळी, मग वाजवायचं. खाऱ्या हवेने लाकूड फुगलं, कळ एकदा अडकली, तारा गंजल्या. सळी हलली नाही. सहा महिने मी ती कधी दगा देते याची वाट बघत होतो, आणि तेवढ्या काळात बोटांवर पुन्हा घट्टे धरले. सातव्या महिन्यात आईने फोनवर सांगितलं की मेस्तमामा गेले. छपराखालीच बसल्या जागी गेले. मला येता आलं नाही.

खेप संपल्यावर मी धारगळला गेलो तो गिटार घेऊनच. का नेली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मामींनी चहा ठेवला. कोपऱ्यात शिसवी पेटी होती, आणि तिच्या झाकणाला सुंभ गुंडाळून करकचून गाठ मारलेली होती. मी विचारलं, हे काय. मामींनी सुंभ सोडला. झाकण एका बाजूला कलंडलं. डावीकडच्या बिजागरीत सळी नव्हती.

आत कागद सपाट पसरलेले होते. त्यांच्यावर एका चिंधीत माझ्या गिटारीची पांढरी सळी होती. मधोमध किंचित वाकलेली. आठ दिवसांच्या घड्यांनी वाकली होती.

मामी म्हणाल्या, "तुझी म्हणान ठेवलेली. म्हणत होते, झील येतलो तेवा दोनूय सळयो बाजूक ठेवन बगतलंय. आपल्या आज्याचीसुद्धा झिजली काय ती."

आपल्या आजोबांच्या सळीवरही त्यांनी पुरता भरवसा ठेवला नव्हता. माझ्यावर तर तो कधीच नव्हता, असं मी नऊ महिने घोकत होतो. पण हा झील, हा पोरगा, परत येईल आणि गिटार आपल्यापुढे ठेवील, हे मात्र ते एकदाही ओढून न बघता धरून चालले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मी तिथेच गिटारीतली सळी काढली आणि पांढरीच्या शेजारी कागदांवर ठेवली. पितळेवर झीज म्हणून नव्हती. ती पेटीत परत बसवतो म्हटलं तर मामींनी मान हलवली. "नको. सुंभान बरा चलता. तुका परत जावचा हा."

मी सळी पुन्हा गिटारीत घातली. झाकण नीट बसवलं, सुंभ गुंडाळला, गाठ मारली आणि ओढून बघितली. मामी माझ्याकडे बघत होत्या. मग मी ती आणखी एकदा ओढली.